झाडांच्या आळ्यातलं गवत तणनाशकाने मारलं तर झाड मरतं का?

नेरुळच्या सोसायटीत झाडांभोवती गवत माजलंय आणि ग्लायफोसेट हे तणनाशक मारायची भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. साल तपकिरी आणि जाड झालेली असेल तर झाडाला काही होत नाही. ग्लायफोसेट मातीला घट्ट चिकटतं, मुळांवाटे झाडात जवळजवळ चढतच नाही. ते शिरतं हिरव्या भागातून: पानं, बुडाचे फुटवे, कोवळी साल. म्हणून लहान रोपं, पपई, केळ यांच्याजवळ पंप नेऊच नका, तिथे खुरपंच हवं.

सोसायट्यांमधली बरीच झाडं मरतात ती ग्रास कटरने, आणि खापर फुटतं औषधावर. खारघरच्या एका सोसायटीत बहाव्याची रांग वाळली तेव्हा कमिटीने तणनाशक कायमचं बंद केलं. बुंध्याजवळचं गवत बाजूला केलं तर जमिनीपासून चार बोटांवर साल गोल सोललेली! कटरची नायलॉन दोरी दर वेळी तिथेच घासते. पानांत तयार झालेली साखर सालीतूनच मुळांकडे उतरते. ती वाट तुटली की मुळं उपाशी मरतात, पण लाकडातून पाणी वर चढत राहतं, म्हणून पानं बरेच दिवस हिरवी दिसतात आणि कटरवर कुणाचा संशय जात नाही. जखमेच्या वरची साल फुगलेली आणि खालून फुटवे आलेले दिसले तर दोष कटरचा. ग्लायफोसेट लागलं असेल तर नवी पानं अरुंद, पिवळट आणि झुपक्याने येतात. त्या कमिटीने कटर आजही तसाच चालू ठेवलाय.

आता प्रमाण. ४१ टक्क्यांचं ग्लायफोसेट, १० लिटर पाण्याला १०० मिलि. पाणी स्वच्छ घ्या, गढूळ पाण्यातली माती औषध धरून ठेवते. नोझलला हूड (फवारा बाजूला उडू नये म्हणून टोपी) लावा, दाब कमी ठेवा, वारा पडलेला असताना सकाळी फवारा. नंतर सहा तास तरी पाऊस नको, त्यामुळे जुलैत मारणं म्हणजे पैसे गटारात. सप्टेंबरअखेर उघडीप मिळाली की मारा. लव्हाळा हे तण फुलोऱ्यावर येऊ लागलं की औषध त्याच्या जमिनीखालच्या गाठींपर्यंत पोचतं. आधी गवत कापू नका, पानंच नसतील तर औषध शिरणार कुठून? पुढचे १५ दिवसही हात लावू नका. केना हे तण या औषधाला दाद देत नाही, ते उपटावंच लागतं.

मग आळ्यात तीन इंच पालापाचोळा पसरा, बुंध्यापासून वीतभर जागा सोडून. कटरला दीड फुटाच्या आत येऊ देऊ नका.

हो, ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांकडूनच मारून घ्यायचं असा आदेश केंद्राने २०२२ मध्ये काढला होता, त्यामुळे माळ्याच्या हातात पंप देऊ नका. पॅराक्वाट हे दुसरं तणनाशक कुणी सुचवलं तर साफ नकार द्या, ते पोटात गेलं तर उतारा नाही. होल्डिंग पॉंड (पावसाचं पाणी साठवायचं तळं) किंवा नाल्याच्या काठाला काहीच फवारू नका.