कोर्टाची पायरी : पोराला नेलंय, पण ठेवलंय कुठे?

प्रश्न : ताई, आम्ही लांजा तालुक्यातले. माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. डोंबिवलीला तिघांच्यात खोली घेऊन राहतो, कुरियरचं काम करतो. मंगळवारी रात्री साध्या कपड्यातले दोघे आले आणि त्याला घेऊन गेले, असं खोलीवरच्या पोराने बुधवारी दुपारी फोन करून सांगितलं. तेव्हापासून मुलाचा फोन बंद. पुतण्याने जवळच्या पोलीस ठाण्यात विचारलं, तर ‘आमच्याकडे नाही’ म्हणाले. एक माणूस पाच हजार दिले तर शोधून देतो म्हणतो. नेटवर नाव घातलं की सापडतं असंही कुणी सांगतं. आम्ही कुठे शोधायचं? — एक आई

उत्तर : वहिनी, तुमच्या पुतण्याने या पत्राचा फोटो मासिकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि गुरुवारी सकाळी आपलं बोलणं झालं. पुढचं सगळं फोनवरच केलं. तरी तुमच्या परवानगीने पत्र छापते आहे, कारण लांज्यात काय आणि मंडणगडात काय, घरटी एक माणूस डोंबिवली, दिवा, नालासोपाऱ्याकडे असतो. त्यातल्या कुणाला रात्री नेलं, तर गावात बसलेल्या आईला पहिला धागा कुठला धरायचा हे माहीत असायला हवं.

मी वकील नाही. कोकणातल्या चार कोर्टांत मिळून ३३ वर्षं कारकुनी केली, शेवटची नऊ वर्षं अभिलेख कक्षात. वकिलाचं काम वकिलानेच करावं. कागद कुठे जन्मतो आणि कुठून कुठे जातो, ते मात्र मला सांगता येतं.

मी तुम्हाला पहिलं विचारलं ते हे, की त्याला नेताना खोलीत कोण होतं? अटक करताना पोलिसांना अटकेचा मेमो, म्हणजे अटकेची लेखी नोंद, करावी लागते. त्यावर अटक झालेल्याची सही लागते आणि एका साक्षीदाराची. साक्षीदार घरातला नाहीतर त्या वस्तीतला कुणी प्रतिष्ठित माणूस असावा लागतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम ३६ मध्ये हे आहे. म्हणजे त्या रात्री खोलीत कुणीतरी सही केली असण्याची शक्यता होती. खोलीवरच्या पोराला पुतण्याने जवळ बसवून विचारलं तेव्हा तो रडायलाच लागला. सही त्यानेच केली होती, न वाचता. पण घाबरलेला असूनही त्याने कागदाचा फोटो काढून ठेवला होता. बुधवारपासून पुतण्या अख्खी डोंबिवली पालथी घालत होता आणि पोलीस ठाण्याचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, अटकेची वेळ, सगळं त्या पोराच्या मोबाइलमध्ये होतं. त्याच्यावर रागावू नका. बावीस वर्षांचं पोर आहे ते.

असा फोटो नसता तर? मग हे लक्षात ठेवा. डोंबिवलीत एकच पोलीस ठाणं नाही. रामनगर, टिळकनगर, मानपाडा, पश्चिमेला विष्णुनगर, आणि ही सगळी येतात ठाणे शहर पोलीस आयुक्तालयात. शिवाय गुन्हे शाखेचं पथक वेगळं असतं, आणि दुसऱ्या शहराचे पोलीसही येऊन नेतात. त्यामुळे जवळच्या ठाण्यातला ‘आमच्याकडे नाही’ हा शब्द खराही असतो. त्यावर थांबू नका. त्याच संहितेचं कलम ३७ सांगतं, की जिल्ह्याला आणि राज्याला पोलीस नियंत्रण कक्ष असावा, आणि प्रत्येक ठाण्यात सहायक फौजदाराच्या दर्जाहून कमी नाही असा अधिकारी नेमलेला असावा. अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप त्याने ठेवायचं, आणि ही माहिती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची. तेव्हा ठाणे अंमलदाराला ‘माझा भाऊ आहे का हो इथे?’ एवढंच विचारू नका. ‘कलम ३७ ची यादी कुठे लावली आहे?’ असं विचारा, आणि आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षालाही हेच विचारा. कलम ४८ प्रमाणे अटक झालेला सांगेल त्या नातलगाला किंवा मित्राला कळवणं हे पोलिसांचंच काम आहे.

हे सगळं एका पत्रातून आलं, हे मला नेहमी बळ देतं. १९८६ मध्ये पश्चिम बंगालातल्या डी. के. बसूंनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने ते याचिका म्हणून घेतलं आणि डिसेंबर १९९६ मध्ये अटकेचे नियम घालून दिले. मेमो, नातलगांना कळवणं, नियंत्रण कक्षात फलक, हे तिथूनच आलं. तुमच्याआमच्यासारख्यांनी लिहिलेल्या पत्राची किंमत कमी समजू नका.

आता घड्याळ. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं, रविवार असो की गणपतीची सुट्टी. सुट्टीचं कोर्ट त्यासाठीच असतं. म्हणून एक दिवस उलटला की ठाण्यांच्या चकरा मारण्यापेक्षा कोर्टात जा. डोंबिवलीचं कोर्ट कल्याणला. तुम्ही आडवलीहून दिवा गाडी धरलीत आणि मी सांगितल्याप्रमाणे डोंबिवलीला न उतरता थेट कल्याण गाठलंत. कोर्टात ‘रिमांडचं (म्हणजे कोठडीत ठेवायचं की नाही हे ठरवायचं) काम कुठल्या साहेबांकडे चालतं?’ असं विचारायचं. तिथे त्या ठाण्याचं कोर्टातलं काम पाहणारा पैरवी हवालदार असतो, त्याच्या वहीत तारीख असते. तुमच्या मुलाला बुधवारीच हजर केलं होतं, दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली होती. शुक्रवारी तुम्ही दाराशी उभ्या होतात आणि तो तुम्हाला दिसला. तो कसा दिसला ते तुम्ही फोनवर सांगितलंत, ते मी इथे लिहीत नाही.

अटकेची कारणं त्याला लेखी आणि त्याला कळेल अशा भाषेत मिळायला हवीत, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सगळ्या गुन्ह्यांसाठी स्पष्ट केलं आहे. तो कागद वकिलाला दाखवा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणालात. कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न किती का असेना, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. कोर्टाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं, नाहीतर १५१०० वर फोन लावा.

न्यायालयीन कोठडी झाली की माणूस पोलिसांकडून तुरुंगाकडे जातो. कल्याणचा तुरुंग आधारवाडीला. आपल्याकडे असतं तर रत्नागिरीचं विशेष कारागृह, सिंधुदुर्गात सावंतवाडी, रायगडात अलिबाग. पण कोर्ट कुठलं आहे त्यावरून अंदाज बांधून निघू नका. जागा नसली की दुसरीकडे पाठवतात. रिमांडच्या आदेशावरून खात्री करा. भेटीची नोंदणी आता ‘ई-मुलाकात’ या सरकारी संकेतस्थळावर करता येते. तिथे कैद्याचं नाव, वडिलांचं नाव बिनचूक लागतं. तुरुंगात कोण आहे याची फोटोसकट यादी कुणालाही नेटवर पाहता येईल, अशी सोय आपल्याकडे नाही, आणि ती नाही याचं मला बरंच वाटतं.

नेटवर मिळतं ते एवढंच. सप्टेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांमुळे प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी लागते. नेटची अडचण असेल तिथे ७२ तासांपर्यंत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ती दिसते, मात्र शोधताना ‘ठाणे शहर’ निवडा. ‘ठाणे ग्रामीण’ वेगळं आहे, आणि तिथे शोधत बसून लोक ‘काही नाही’ म्हणून उठतात. लैंगिक गुन्हे, लहान मुलांवरचे गुन्हे, दहशतवादाची प्रकरणं तिथे टाकत नाहीत. एफआयआरमध्ये नाव नसेल तरीही घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका. पुष्कळदा ती ‘अज्ञात इसमा’विरुद्ध असते, नावं तपासात येतात. ई-कोर्टच्या, म्हणजे न्यायालयांच्या सरकारी, अ‍ॅपवर गुन्हा नंबर घालून शोधता येतं, पण आरोपपत्र येईपर्यंत तिथे बहुधा काही नसतं. जामिनाचा अर्ज मात्र दिसतो. एकदा प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर मिळाला, की तो देवघरातल्या पंचांगावर लिहून ठेवा. मग तारीख विचारायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

आणि तो पाच हजारवाला. त्याला एक रुपया देऊ नका. तो जे सांगेल ते याच फलकावरून आणि याच वहीतून आणलेलं असेल, आणि बहुतेक तेवढंही नसेल.

नावाबद्दल एक सांगायचं राहिलं, आणि हे मला टोचत आलेलं आहे. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एक म्हातारे बाबा मुलाची तारीख विचारायला आले. मी रजिस्टर पाहिलं आणि ‘असं नाव नाही’ म्हणून परत पाठवलं. आठ दिवसांनी ते पुन्हा आले. पोलिसांनी मुलाचं आडनाव न लावता गावावरून ‘कर’ लावलं होतं, आणि पहिलं नाव वाडीत हाक मारतात ते. त्या आठ दिवसांत मुलाच्या जामिनाची तारीख गेली होती. मी आणखी दोन प्रश्न विचारले असते तर ती गेली नसती. तेव्हापासून मी शोधायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, की खरं नाव, हाक मारायचं नाव, बापाचं नाव, दोन्ही आडनावं आणि गाव, एवढं सगळं चिठ्ठीवर लिहून आणा.

प्रश्न : मुलीसाठी पनवेलचं स्थळ आलंय. सगळं पसंत आहे, पण मुलावर पहिल्या बायकोने केस केली होती असं कानावर आलं. गुपचूप कसं तपासावं? — वेंगुर्ल्याचे एक वडील

उत्तर : काका, ई-कोर्टवर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. प्रलंबित आणि निकाली, दोन्ही पाहा, वर्ष बदलून बदलून पाहा. तुम्ही म्हणता ती केस बायकोच्या छळाची असेल, तर १ जुलै २०२४ च्या आधीच्या प्रकारासाठी जुन्या दंड संहितेचं ४९८-अ, नंतरच्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. पनवेलमध्ये एकाच नावाचे दहा निघतील. नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं धरू नका. वडिलांचं नाव, गाव, वय जुळल्याशिवाय घरात शब्दही काढू नका. एका मुलाचं ठरलेलं लग्न असं दुसऱ्याच्याच केसवरून मोडलेलं मी पाहिलं आहे.

केस सापडली तर रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, आणि निकालाचा आदेश वाचा. निर्दोष सुटला, तडजोड झाली, की अजून साक्षीपुरावे चालू आहेत, यात फार फरक आहे. आरोपपत्र नेटवर शोधू नका. ते सार्वजनिक संकेतस्थळावर टाकण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली आहे. त्रयस्थ म्हणून नक्कल हवी असेल तर अर्जात कारण लिहावं लागतं आणि न्यायाधीशांची परवानगी लागते.

पण ‘गुपचूप’ का? मुलाला समोर बसवून विचारा. चारित्र्य पडताळणीचा दाखला ज्याचा त्यालाच काढता येतो, तो काढून दाखव म्हणा. तो चिडतो की शांतपणे कागद आणतो, ते तुमच्या मुलीला पाहू द्या. संसार तिला करायचा आहे, तेव्हा हे सगळं तिच्यापासूनही लपवू नका.

प्रश्न : २०१९ च्या मारामारीच्या केसमधून मी २०२३ मध्ये निर्दोष सुटलो. तरी नवीन नोकरीत चौकशी करणाऱ्यांना जुनी एफआयआर सापडली. ती पुसता येईल का? — देवगड

उत्तर : निकालानंतर ती आपोआप जात नाही. काढून टाकण्यासाठी उच्च न्यायालयात दाद मागणारे आहेत, पण निर्णय प्रकरणागणिक वेगळे झाले आहेत. तुमच्या जिल्ह्यासाठी आता मुंबईला जायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) आहेत. रायगडची मात्र मुंबईलाच. पुढे जायचं की नाही, ते वकिलाशी बोलून ठरवा.

तोवर एक काम आजच करा. निकालाच्या सहीशिक्क्याच्या चार प्रमाणित नकला काढून घ्या. नक्कल अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावा, केस नंबर आणि निकालाची तारीख घाला, म्हणजे अभिलेख कक्षातल्या माणसाला गठ्ठा लवकर सापडतो. एक नक्कल पोलीस ठाण्यात अर्जासोबत द्या, त्यांच्या नोंदीत निकाल चढवायला सांगा आणि पोच घ्या. दुसरी कंपनीला, त्यांनी मागण्याआधी. उरलेल्या दोन एकाच घरात ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा माझ्या वडिलांच्या जमिनीच्या दाव्याचे सगळे कागद एकाच ट्रंकेत होते, आणि ट्रंक तळमजल्यावर होती. तुमची एक नक्कल माळ्यावर ठेवा, दुसरी बहिणीकडे.