अन्नपूर्णेचे पैसे भरण्याआधी

भाऊ, नेपाळमधलं अन्नपूर्णा शिखर (८०९१ मीटर) चढायचं डोक्यात आहे हे छानच, पण मोहीम नेणाऱ्या कंपनीला पैसे भरायची घाई नको. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक, अ‍ॅडव्हान्स कोर्स कर. मग सहा-सात हजारी शिखरं. आपला चिखलदरा जेमतेम ११०० मीटर, तिथं दम वाढेल, विरळ हवेची सवय होणार नाही. तरी पाठीवर ओझं घेऊन पायथ्यापासून गाविलगड चढ-उतर करत जा. गुडघ्यांचा खरा कस उतरताना लागतो. जाड हातमोजे घालून जुमार (दोरीवर वर सरकणारी, खाली न घसरणारी पकड) दोरीला लावणं-काढणं अंधारातही जमलं पाहिजे. दोर शेर्पा बांधतील, कॅराबिनर (दोरीत अडकवायची धातूची कडी) तुलाच अडकवायचाय. आणि वर बसल्याजागी धाप लागली, खोकला थांबेना, तर लपवू नको बाबा. फुप्फुसात पाणी होत असतं. शेर्पाला सांग, लगेच खाली उतर.