ऑफिसातले ३० चेहरे: दर आणि लाइट

अरे, ऑफिसातल्या ३० जणांचे चेहऱ्याचे फोटो काढायचे किती घ्यायचे आणि लाइट कसा लावायचा, असं विचारलंस ना? नुसता माणशी दर सांगून मोकळा होऊ नकोस. ३० जण म्हणतात आणि त्या दिवशी १८च येतात, बाकीचे मीटिंगमध्ये. माझं एकदा असंच झालं, जाण्यायेण्याचं भाडंही जेमतेम सुटलं. म्हणून अर्ध्या दिवसाचे ठोक पैसे आधी लाव, त्यावर रीटच केलेल्या, म्हणजे कॉम्प्युटरवर डागबिग काढून साफ केलेल्या प्रत्येक फोटोचे वेगळे. निम्मे आगाऊ, आणि सगळं मेलवर.

लाइट साधाच ठेव. मोठा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर लावायची, उजेड मऊ करणारी कापडी पेटी) माणसाच्या एका बाजूला ४५ अंशांत, डोळ्यांच्या थोडा वर. दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला पांढरा थर्माकोल. माणूस मागच्या पडद्यापासून ५-६ फूट पुढे, नाहीतर पडद्यावर सावली. कॅमेऱ्यात एफ ८ (लेन्सचं छिद्र), १/१६० सेकंद (शटरचा वेग), आयएसओ १०० (उजेडाची संवेदनशीलता) पासून सुरुवात कर. ट्यूबलाइट बंद. जमिनीवर टेपची खूण मार, म्हणजे दर माणसाला लाइट हलवावा लागत नाही. चष्मेवाला आला की मात्र लाइट वर चढव, काचेतली चमक जाते. टकलावरच्या चमकेसाठी टिश्यू खिशात असू दे. साहेबांना तो देताना हसू नकोस!