गोळ्या पुरवून घेणारा रुग्ण

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग आहे. दोन वर्षांपासून तो रोज गोळ्या घेतो, प्रकृती बरी आहे आणि तो कामावरही जातो. मात्र गेल्या महिन्यात वहिनींच्या लक्षात आले की, तो आता एक दिवसाआडच गोळी घेतो. ‘मला काही होत नाही, मग रोज एवढे पैसे कशाला घालवायचे?’ असे तो म्हणतो. डॉक्टरांना त्याने यातले काहीही सांगितलेले नाही. आम्ही भावंडांनी काय करावे?

उत्तर : आपल्या भावाला त्रास होत नाही, तो गोळीमुळेच होत नाही. या आजारात सदोष पेशी दीर्घकाळ गप्प राहतात. औषधाची रक्तातील पातळी वारंवार घसरली की त्या पुन्हा वाढू लागतात, आणि हे रुग्णाला जाणवण्यापूर्वी बीसीआर-एबीएल या आजाराला कारणीभूत असलेल्या सदोष जनुकाच्या रक्ततपासणीत दिसते. आजार औषधाला दाद देईनासा झाला, तर अधिक महागडे औषध घ्यावे लागते. म्हणजे आज वाचवलेले पैसे पुढे दामदुपटीने जाण्याचा धोका आहे.

त्याच्यावर रागावू नये. घरावर भार पडू नये म्हणून गुपचूप औषध कमी करणारे रुग्ण आम्हाला वरचेवर भेटतात, आणि ते बोलत नाहीत याला आम्ही डॉक्टरही काही अंशी जबाबदार आहोत, कारण भूक आणि झोप यांची चौकशी करताना खर्च झेपतो का, हे आम्ही क्वचितच विचारतो.

डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : किती डोस चुकले आणि दरमहा किती रक्कम खरोखर परवडते. पहिली गोष्ट लपवली, तर औषध निकामी ठरले असे समजून ते विनाकारण बदलले जाऊ शकते. दुसरी कळली, तर पर्याय शोधता येतात. इमॅटिनिब हे या आजारावरचे औषध २००१ मध्ये वापरात आले. आता ते अनेक कंपन्या जेनेरिक स्वरूपात बनवतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. भाऊ मूळ ब्रँडची गोळी घेत असेल, तर खात्रीचे जेनेरिक चालेल का, हे विचारावे. तो डॅसॅटिनिब किंवा निलोटिनिब यांपैकी नंतर आलेले औषध घेत असेल, तर इमॅटिनिबवर येणे त्याच्या बाबतीत सुरक्षित आहे का, हेही विचारण्यासारखे आहे. नवी औषधे आजार लवकर आणि खोलवर दाबतात हे खरे, पण मोठ्या अभ्यासांत एकूण आयुर्मानात ठळक फरक दिसलेला नाही. अनेक वर्षे आजार अतिशय खोलवर दबलेला राहिला, तर काही रुग्णांची गोळी थांबवूनही पाहतात. परंतु तो निर्णय डॉक्टरांचा असतो, त्यानंतर वारंवार तपासण्या कराव्या लागतात आणि निम्म्याच्या आसपास रुग्णांना औषध पुन्हा सुरू करावे लागते. दोन वर्षांनी स्वतःहून गोळ्या कमी करणे म्हणजे ते नव्हे.

रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असल्यास त्यांची भेट घ्यावी. विमा, शासकीय साहाय्य, न्यास आणि औषध कंपन्यांच्या मदत योजना यांची माहिती त्यांच्याकडे असते. बहुतेक अर्जांना रोगनिदानाचा अहवाल, औषधचिठ्ठी आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो, म्हणून त्यांच्या प्रती आधीच काढून ठेवाव्यात.

भावंडांनी ‘लागेल तेव्हा सांग’ म्हणू नये. असा माणूस कधीच सांगत नाही. एकाने दरमहाच्या गोळ्या आणून द्याव्यात, दुसऱ्याने तपासण्यांचा खर्च उचलावा, ज्याला पैसे देणे शक्य नाही त्याने अर्जांच्या मागे लागावे. अशी वाटणी झाली, तर त्याला दर महिन्याला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

हे सारे पुढच्या भेटीपर्यंत लांबवू नये. आठवडाभरात वेळ घेऊन जावे आणि सोबत गोळ्यांची रिकामी व उरलेली पाकिटे न्यावीत, म्हणजे चुकलेले डोस अंदाजाने सांगावे लागणार नाहीत.