आमच्या चार महिन्यांच्या लॅब्राडॉरला ट्रायकस्पिड झडपेचा जन्मजात दोष आहे असं डॉक्टर म्हणाले. तो किती जगेल?

आमच्या लॅबला हाच आजार होता, म्हणून लिहिते आहे. किती जगेल हे आजाराच्या नावावरून कळत नाही, झडप किती गळते त्यावर ते ठरतं. म्हणून स्टेथोस्कोपवर थांबू नका, डॉप्लरसह टू-डी इको, म्हणजे रक्ताचा प्रवाहही दाखवणारी हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. सहसा भूल द्यावी लागत नाही, कुशीवर झोपवून धरलं की होतं. गळती किती आहे आणि उजवा वरचा कप्पा किती फुगलाय, हे आधी विचारा. गळती थोडी असेल तर अशी कुत्री म्हातारपणापर्यंतही जगतात. जास्त असेल तर हृदय तरुणपणीच थकू शकतं.

ही झडप हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये असते. तिचे पडदे जाड राहिले किंवा भिंतीला चिकटले, की प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलटं जातं. दाब मागे शिरांमध्ये साठतो आणि पोटात पाणी होतं. लोक खोकल्याकडे लक्ष ठेवतात, इथे मात्र बघायचं ते पोट. त्यातून लॅब खादाड, त्यामुळे ‘काय गुटगुटीत झालाय!’ म्हणून येणारे-जाणारे कौतुक करतात. पाठीची, कमरेची हाडं हाताला लागतायत आणि पोट तेवढं गोल होतंय, तर ती चरबी नव्हे. आम्ही दर आठवड्याला शिवणाच्या टेपनं बरगड्यांमागचा घेर मोजून वजनासोबत वहीत लिहायचो. डॉक्टरांना त्या वहीचा फार उपयोग झाला.

पाणी साठायला लागलं की साधारणपणे फ्युरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारं) आणि पिमोबेंडान (हृदयाला जोर देणारं) देतात, डोस डॉक्टरच ठरवतील. पिमोबेंडान जेवणाच्या तासभर आधी द्या. फ्युरोसेमाइडनं लघवी खूप होते, म्हणून प्यायचं पाणी कधीच तोडू नका. औषधांनी भागलं नाही तर पोटातलं पाणी सुईनं काढतात. ऐकून भीती वाटते, पण आमचा त्या संध्याकाळी पोटभर जेवला. पापड, फरसाण, वेफर बंद. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत कुत्र्यांची ही झडप बदलण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, पण मी त्या आशेवर कधी राहिले नाही.

आणि एक कराच. लॅबमध्ये हा दोष आनुवंशिक असतो. पिल्लू जिथून आणलंत त्यांना रिपोर्ट दाखवा, ती जोडी पुन्हा लावू नका असं स्पष्ट सांगा, आणि त्याची भावंडं ज्यांच्या घरी गेली आहेत त्यांनाही कळवायला लावा.