‘वरकड मूल्य’ आणि खळ्यावरचं भात

देवगडहून एकांनी विचारलंय: सरप्लस व्हॅल्यूला मराठीत ‘वरकड मूल्य’ म्हणतात, त्यातलं वरकड म्हणजे उरलंसुरलं का? आणि अराज्यवादी, म्हणजे राज्यसंस्थाच नको म्हणणारे, या कल्पनेवर टीका करतात, म्हणजे त्यांना शोषण मान्यच नाही का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मान्य आहे, त्यांची तक्रार शोषणाचं मूळ कुठे आहे याबद्दल आहे.

‘वरकड’ म्हणजे मुख्य सोडून इतर, जादा: वरकड खर्च, वरकड कामं. मार्क्सच्या १८६७च्या ‘भांडवल’मध्ये कामगार दिवसाच्या काही तासांत स्वतःच्या मजुरीइतकं मूल्य निर्माण करतो, पुढच्या तासांचं मालकाला जातं, तेच वरकड मूल्य. हिशेबापुरता शब्द चपखल आहे. पण कानाला तो पोट भरून उरल्यासारखा लागतो, आणि तिथे मला तो खटकतो. कोकणात खोताला, म्हणजे जमीनदाराला, अर्धेलीने (निम्म्या वाट्याने) जाणारं भात कुळाच्या घरात कधी उरलेलं नव्हतं. निम्मं खळ्यावरूनच जायचं, कुळाचं पोट त्यानंतर. अलिबागजवळच्या चरीचे शेतकरी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ संपावर राहिले ते उरल्यासुरल्यासाठी नव्हे.

रशियन अराज्यवादी क्रोपोटकिनने १८९२च्या फ्रेंच पुस्तकात नेमकं हेच धरलंय. वरकड मूल्य मालकाच्या खिशात जातं हा त्याच्या मते मूळ दोष नाही. भुकेपोटी माणसाला श्रम विकावे लागतात, म्हणून ते मूल्य मुळात निघूच शकतं, हा दोष. एका पिढीने न खाता मागे ठेवलेल्या साध्या वरकडाबद्दल त्याची तक्रार नाही. तेव्हा ‘वरकड’ आणि ‘वरकड मूल्य’ एकमेकांच्या जागी वापरू नयेत. (जमिनी हिसकावल्याचा इतिहास मार्क्सनेही त्याच ग्रंथाच्या अखेरीस सविस्तर दिलाय, हे सांगायलाच हवं.)

याच वादातला आणखी एक शब्द: ‘मोबदला’. क्रांतीनंतरच्या नव्या समाजातही कामाचे तास मोजून मजुरीच्या चिठ्ठ्या द्याव्यात, या कल्पनेला क्रोपोटकिनचा विरोध होता. कोळशाच्या खाणीत माणसं-माल नेणारा पाळणा (लिफ्ट) वरखाली करणाऱ्याचं आणि खाली खणणाऱ्याचं श्रेय वेगळं कसं काढणार, असं तो विचारतो. मालवणच्या किनाऱ्यावर रापण (अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं) ओढताना पाहिलेल्याला हे फोडून सांगावं लागत नाही: कोणाच्या हिसक्याने किती बांगडे आले, कोण सांगणार? तिथे मिळतो तो ‘वाटा’. क्रोपोटकिनचं मराठीत लिहिताना मी हाच शब्द घेईन.