युद्धाच्या कादंबऱ्या लपवून ठेवू का?

"हे रात्र-रात्र युद्धाच्या कादंबऱ्या वाचतात. डोळ्यांत पाणी येतं, पण काय झालं विचारलं की पुस्तक मिटून उठून जातात. त्या पुस्तकातल्या शिपायांसाठी रडू येतं, आमच्याशी मात्र दोन शब्द नाहीत. लपवून ठेवू का ती पुस्तकं?" एका निवृत्त सैनिकाच्या पत्नीचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अशा घरांतून तो बऱ्याचदा येतो.

लपवू नका. आधी ते कुठल्या पानावर अडतात ते बघा. बाईंना वाटलं होतं, दुमडलेलं पान बॉम्बहल्ल्याचं असणार. निघालं भलतंच. नायकाला ताप होता म्हणून साथीदाराने त्याची पहाऱ्याची पाळी घेतली आणि त्याच रात्री तो मारला गेला. सकाळी नायक त्याच्या सामानाची यादी करतो: घड्याळ, अर्धवट पत्र, वाळत घातलेले मोजे. 'तो गेला, मी का उरलो?' हा अपराधभाव युद्धकथांत गोळीबारापेक्षा अशा यादीतच जास्त सापडतो. म्हणून यजमानांच्या बाबतीतही हेच घडलं असेल, असा तर्क मात्र करू नये.

राहिला 'आमच्याशी दोन शब्द नाहीत' हा रुसवा. आठ-दहा जणांच्या तुकडीत झोप लागते ती दुसरा कोणी जागा आहे या भरवशावर. त्या नात्याची घरच्यांशी स्पर्धा नसते. घरी गप्प बसण्यामागे बहुधा 'यांना त्यात कशाला ओढा' हाच विचार असतो.

पहिल्या महायुद्धात सैनिकी अधिकाऱ्यांवर उपचार करणारे डॉ. रिव्हर्स यांनी १९१७ सालीच मांडलं होतं की आठवणी जबरदस्तीने दाबल्या तर त्रास वाढतो. सतत त्याच उगाळत बसणंही त्यांना तितकंच घातक वाटे. म्हणून वेळ आणि मजकूर, दोन्हींना मर्यादा हवी.

वाचन दोघांनी मिळून, दिवसा, झोपण्याआधी नको. दोन-तीनच पानं, लढाईची सोडून. मग प्रश्न पात्राबद्दल: "त्याने ते पत्र पोस्ट का केलं नसेल?" 'तुमच्याबाबतीत असं झालं होतं का?' हे विचारलं की दार बंद. पात्राआडून माणूस बोलतो आणि नको वाटलं तर पात्राच्याच आड परत जातो. ती वाट मोकळी ठेवा. वीस मिनिटांत विषय संपवून चहा किंवा फेरफटका. "झालं गेलं विसरा" आणि "किती जणांना मारलंत?" ही दोन वाक्यं घरात कोणीच उच्चारू नयेत, मुलांनाही बजावा.

नजर एका जागी खिळली, श्वास जलद झाला, घाम फुटला, तर लगेच थांबा. मागून हात लावू नका. समोर येऊन नावाने हाक मारा, पाय जमिनीवर टेकवायला आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा.

दुःस्वप्नं, दचकणं, माणसं टाळणं महिन्याहून जास्त चाललं किंवा दारू वाढली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. 'मीच जायला हवं होतं' असं वरचेवर तोंडी आलं, तर जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. उत्तर 'हो' असेल तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.